मामांची डुक्कर फियाट

बाणभट्टाची 'कादंबरी' अपुरी राहिली आणि ती पुढे त्याच्या पुत्राने पुरी केली, ही गोष्ट संस्कृताचा थोडासा परिचय असलेल्या वाचकांस ठाऊक असेलच. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने एका संबंध साहित्यप्रकाराचे नाव उचलले, तो ग्रंथ दोन हातांचा आहे, ह्याची आठवण मात्र आपण सहसा ठेवीत नाही. उत्तरभागाच्या आरंभी पुत्राने खुलासा केला आहे की, हे काम आपण कवित्वाच्या गर्वाने हाती घेतलेले नाही. कथा अर्धीच राहिल्याचे सज्जनांस झालेले दुःख पाहून घेतले आहे. असा खुलासा हा ग्रंथारंभीचा शिष्टाचार होय, असे कोणी म्हणेल. आम्हांस तो शिष्टाचार वाटत नाही. आणि तसे न वाटण्याचे कारण, सांगावयास थोडा संकोच होतो, एक मोटार हे आहे. गेल्याच्या मागे राहिलेले अर्धे काम उचलणे म्हणजे काय, हे तिच्या पोटाखाली तीन वर्षे उताणे पडून आम्हांस कळले.

मोटार म्हणजे काव्य नव्हे, अशी हरकत कोणी घेईल तर ती आम्हांस मान्य आहे. ह्या मोटारीस तर लोकांनी नावच असे दिले आहे की, काव्याचा संशयही येऊ नये. 1953 मध्ये इटलीच्या फियाट कंपनीने जिनिव्हाच्या प्रदर्शनात आपली नवी 'अकराशे' मांडली. तिचे नाक गोल व फुगीर, पाठ वाकलेली, एकंदर ठेवण बुटकी आणि गुबगुबीत. आपल्याकडे ती 'डुक्कर फियाट' झाली, आणि आज जुन्या मोटारींचा शोकीन मोठी किंमत मोजावयास निघाला तरी तो तिला ह्याच नावाने मागतो. नावात अनादर मुळीच नाही. घरातल्या गुटगुटीत मुलास 'ढब्बू' म्हणावे, त्यातलाच तो प्रकार.

आपल्याकडील डुक्कर फियाट कुर्ल्याची. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. पुढे फियाटशी संबंध जुळून 1954 च्या सुमारास 'अकराशे' तेथे होऊ लागली. वालचंद 1953 मध्येच निवर्तले होते, म्हणजे हेही काम एकाने मांडावे आणि दुसऱ्यांनी चालवावे अशाच जातीचे. ह्याच घराण्यात पुढे 'प्रीमियर पद्मिनी' जन्मास आली, आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिने दोन पिढ्यांना स्थानकावरून घरी पोहोचविले. तिच्यातील शेवटच्या टॅक्सीची मुदत 2023 च्या ऑक्टोबर महिन्यात संपली. कुर्ल्याचा कारखाना त्याच्या कितीतरी आधी बंद पडला होता. आता त्या जागेवर उंच इमारतींची वसाहत उभी आहे.

आमचे मामा त्या कारखान्यात मोटारींच्या सांगाड्याच्या पत्र्याचे काम करीत. मालवणच्या घरी भातशेती अपुरी, म्हणून मुंबईस गेलेल्या असंख्य चाकरमान्यांपैकी ते एक. 1957 सालची ही डुक्कर फियाट त्यांनी 1974 मध्ये जुनी म्हणून विकत घेतली. मे महिन्यात कोल्हापूरवरून, फोंडाघाट उतरून, ती मालवणात शिरली की आम्ही मुले तिच्यामागे धावत असू. आणि मामा काच खाली करून, ओळख नसल्यासारखे, पुढे बघत राहात. ह्यापलीकडे त्यांच्या अभिमानाचे प्रदर्शन आम्ही कधी पाहिले नाही. नोकरी संपल्यावर ते गाडीसह गावी आले. 2003 मध्ये ती बंद पडली. 2009 मध्ये मामांनी ती मांगरात घेऊन सबंध खोलली, पुन्हा नवी करावयाची म्हणून. 2016 च्या जानेवारीत मामा गेले. त्यानंतर पाच वर्षे मांगराचे दार कोणी उघडले नाही.

ते उघडले वाऱ्याने. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा मांगराची निम्मी कौले उडाली आणि मोटार उघडी पडली. पुढे तीन आठवड्यांवर पावसाळा. मामेभाऊ मस्कतला; त्याने दूरध्वनीवरून सांगितले की, भंगारवाल्यास बोलवा आणि मोकळे व्हा. भंगारवाला आला, त्याने पत्र्यावर बोटाने टकटक केले आणि वजनाचा भाव सांगितला. मामी खळ्यात उभ्या होत्या. त्या आम्हांस बाजूला घेऊन म्हणाल्या, "झिला, माका ह्या गाडीचा काय्येक नको. पण तुझ्या मामान हिच्यात जीव घातल्यान. एकदा माका हिच्यातून कुणकेश्वराक न्हे, मगे तिचा काय करूचा ता कर." मामींचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. आमचा व्यवसाय जन्मभर शिकविण्याचा. सेवानिवृत्त होऊन नुकतेच गावी परतलो होतो, आणि हात रिकामे होते. भंगारवाल्यास चहा देऊन परत पाठविले.

मांगरात आम्हांस काय मिळाले, ते थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. चार जांभ्या चिऱ्यांच्या राशींवर मोटारीचा नुसता सांगाडा. भिंतीशी तेलाचे, बिस्किटांचे, तपकिरीचे मिळून सत्तरएक डबे. प्रत्येकावर चिकटपट्टी, आणि तीवर मामांच्या ठसठशीत अक्षरांत आतल्या वस्तूचे नाव. नाव म्हणजे छापील पुस्तकातले नव्हे. 'डावे मागचे दार, खालून दुसरा, हट्टी,' असे एका स्क्रूबद्दल लिहिलेले होते. तो स्क्रू खरोखरच हट्टी निघाला. शिवाय एक शाळकरी वही, आणि इंजिने मात्र दोन.

ही दोन इंजिने हा आमच्यापुढील पहिला पेच. एक गाडीचे मूळचे, 1089 घन सेंटिमीटरांचे, चार सिलिंडरांचे. दुसरे एका मोडीत निघालेल्या पद्मिनी टॅक्सीचे, त्याच घराण्यातले, पण बरेच अलीकडचे. मामा कोणते बसविणार होते? वही ह्या बाबतीत मुकी. कुडाळहून आलेल्या फिटरचे मत टॅक्सीच्या इंजिनाकडे. भाग मिळतील, लवकर होईल. एका गॅरेजवाल्याने तर डिझेलचे इंजिन बसवून द्यावयाची तयारी दाखविली. आम्ही दोन दिवस त्या इंजिनांसमोर स्टूल घेऊन बसलो. मूळ इंजिनाच्या सिलिंडरांत तेल ओतून प्लगांची भोके लाकडी गुड्ड्यांनी बंद केलेली, आणि प्रत्येक गुड्डीस मेणकापड गुंडाळलेले. टॅक्सीचे इंजिन तोंडे उघडी ठेवून कोपऱ्यात टेकविलेले. त्यावरचा कार्ब्युरेटर आणि स्टार्टर तेवढे काढून घेतलेले. जो मनुष्य एकास औषधपाणी करतो आणि दुसऱ्याचे अवयव काढून घेतो, त्याच्या मनात काय आहे हे लिहून ठेवावे लागत नाही. फिटरने मूळ इंजिनाच्या क्रँकला हाताने जोर दिला, आणि बारा वर्षांनी ते फिरले.

जीर्णोद्धार हा शब्द आपण फार सढळपणे वापरतो. कोकणातील कितीतरी देवळांचा अलीकडे जीर्णोद्धार झाला. जांभ्याच्या भिंती, लाकडी खांब, कोरीव तुळया काढून टाकून त्या जागी सिमेंटचा सभामंडप उभा राहिला आणि बाहेर देणगीदारांच्या नावांची पाटी लागली. ह्यात जीर्ण गेले हे खरे; उद्धार कोणाचा झाला, ते देवासच ठाऊक. उलट बाजूसही एक अतिरेक आहे. मोटारींच्या शोकिनांत असे पंडित असतात की, ज्यांस एक स्क्रू नंतरचा निघाला तर अन्न गोड लागत नाही. नाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे वाचणारा माणूस होता. निव्वळ जुनेपणाची पूजा त्यांस करावयाची नव्हती, असा आमचा समज आहे. मोटार ही तर बसण्याची वस्तू आहे.

असो. पहिली दोन वर्षे पुष्कळ कामे झाली. ती सगळी सांगून वाचकांस कंटाळा आणणे योग्य नाही. इंजिन कोल्हापुरात घासून आले. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात आम्ही चार खेपा घातल्या. पेट्रोलात हल्ली ऊस-धान्याचा मद्यार्क मिसळलेला असतो, तो जुन्या रबरास सोसत नाही. म्हणून सर्व नळ्या बदलल्या. बैठकीसाठी मात्र दूर जावे लागले नाही. जुन्या मोटारींच्या गाद्यांत काथ्या भरीत, आणि काथ्याचे काय, तो आमच्या परसातच पडलेला. ब्रेकच्या अस्तरात काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेला राळेसारखा पदार्थ वापरतात, हेही आम्हांस ह्याच निमित्ताने कळले. वेंगुर्ले-मालवणच्या काजूची टरफले जगातील किती गाड्या थांबवीत असतील, ह्या विचाराने आम्हांस उगाच थोडी प्रौढी वाटली. त्याच तेलाने आमच्याकडील होडीवाले होड्यांची लाकडे राखतात.

2023 च्या पावसाळ्यानंतर मामेभावाने कळविले की, पुण्याच्या बाजूस एक संग्राहक गृहस्थ गाडी घ्यावयास तयार आहेत. रंग दिलेला सांगाडा आणि फिरते इंजिन एवढे पुरे, बाकी त्यांचे लोक करतील. सांगितलेली रक्कम मामींच्या औषधोपचाराचा दोन-तीन वर्षांचा खर्च भागेल एवढी होती. म्हणून ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ते गृहस्थ गाडीची नोंद नव्या 'विंटेज' नियमांखाली करणार होते. केंद्र सरकारने 2021 च्या जुलैत हे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी त्याखाली नोंदता येते. नव्या नोंदीस वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे. पण तशी नोंद झालेली गाडी प्रदर्शनास न्यावी, विंटेज मोटारींच्या फेरीत न्यावी, दुरुस्तीस न्यावी. नित्याच्या वापरास रस्त्यावर आणता येत नाही. म्हातारीस देवदर्शनास नेणे कायद्याच्या त्या यादीत नाही.

ह्याच सुमारास पुढचे डावे दार लागेना. ह्या मोटारीची दारे समजावून सांगितल्याखेरीज पुढचे कळावयाचे नाही. तिची पुढची दारे उलटी, म्हणजे मागच्या बाजूस बिजागरी असलेली. आणि मागची दारे सुलटी. त्यामुळे एका बाजूची दोन्ही दारे एकाच मधल्या खांबावर लोंबतात. गाडीस वेगळी चौकट अशी नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चौकट. दारांखाली पुढून मागे जाणारी पत्र्याची एक पोकळ पेटी असते. तो खांब तीत रोवलेला असतो, आणि सांगाड्याचा पुष्कळसा भार तीच पेलते. उजवी पेटी मामांनी 2011 मध्ये कापून नवी केली होती. वहीत त्याचे माप आणि आकृती आहे, आणि खाली रेघ मारून 'कुजलेला पत्रा ठेवायचा नाही, कापायचा,' असे वाक्य आहे. ते काम इतके सफाईचे आहे की, जोड कोठे आहे हे बोटास लागत नाही. डाव्या पेटीवरही मामांनीच दिलेला तांबडा प्राइमर होता, गुळगुळीत. दोन्ही दारे चढविताच खांब तीळभर खाली बसला आणि पुढचे दार कडेवर घासू लागले.

होड्या बांधणाऱ्या एका मेस्त्रींस आम्ही बोलाविले होते. डोळ्याने रेषा जोखण्यात त्यांचा हात धरणारा मोटारींच्या धंद्यात आम्हांस भेटला नाही. त्यांनी ओळंबा सोडला, पाण्याची नळी लावली आणि मग डाव्या पेटीवर स्क्रूड्रायव्हरचे टोक ठेवून हलकेच दाबले. ते मुठीपर्यंत आत गेले. तांबड्या रंगाखाली लांबीचा बोटभर थर होता, लांबीखाली तारेची जाळी, आणि जाळीमागे वर्तमानपत्राचे दाबून बसविलेले बोळे. पत्रा असा उरलाच नव्हता.

आम्ही काही वेळ बोललो नाही. पेटी कुजली ह्याचे आश्चर्य नव्हते. मालवणचा खारा वारा दगडही खातो. पण जन्मभर पत्र्याचे काम केलेला, 'कापायचा' ह्या शब्दाखाली रेघ मारणारा मनुष्य कुजक्या पत्र्यावर लांबी थापून वर रंग देतो, हे कसे? मेस्त्री निघून गेल्यावर आम्ही बोळे एकेक उलगडून पाहिले. तारीख ऑक्टोबर 2015 ची. मामांच्या हृदयाची शस्त्रक्रिया त्याच वर्षी ऑगस्टात झाली होती आणि डॉक्टरांनी जड काम बंद केले होते. पत्रा कापणे, पत्रा वाकविणे, जोडणे त्यांस शक्य नव्हते. लांबी मात्र बसल्या जागी लावता येते. पुढे तीन महिन्यांनी ते गेले. म्हणजे ह्या मोटारीवर मामांचा हात शेवटचा जेथे फिरला, ती जागा हीच.

आता ह्याचे काय करावे? संग्राहकास गाडी दिली असती तर ही पेटी त्याच्या दिवाणखान्यात झाकल्याप्रमाणे वर्षानुवर्षे राहिली असती. मामांचे शेवटचे काम अभंग राहिले असते, आणि मामेभाऊही संतुष्ट. पण ते न सांगता देणे ही सरळ फसवणूक, आणि सांगून दिले तर कुर्ल्याच्या त्या कारागिराची नाचक्की, तीही तो स्वतः खुलासा करावयास हजर नसताना. उलट गाडी रस्त्यावर आणावयाची तर ती पेटी एक दिवसही ठेवून चालत नव्हते. खड्ड्यात एक आदळा, आणि चालत्या गाडीत दार उघडून मामी बाहेर. दुसऱ्याचे काम पुरे करणाऱ्यास त्यात भर घालणे फारसे जड जात नाही. त्यातले काही खोडण्याची वेळ येते तेव्हा खरी पंचाईत होते. आमच्या मनाची ही ओढाताण पाहून मेस्त्री दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणाले, "मास्तरांनू, होडीचो तळ कुसलो तर वयसून रंग लावन ती दर्यात घालतत काय?"

मामींस सांगणे प्राप्त होते. आम्ही शब्द जुळवून ठेवले होते. त्यांची गरज पडली नाही. मामी मांगरात आल्या, उलगडलेला कागद हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या की, हे आपल्याला ठाऊक आहे. बोळे करून आपणच तर देत होतो. लांबी सुकेपर्यंत मामा तेथेच चिऱ्यावर बसून राहात, आणि 'हे तात्पुरते गो, बरा झालो की कापतो,' असे म्हणत. आठ वर्षे हे त्यांनी कोणास सांगितले नव्हते. कोणी विचारलेही नव्हते. मग त्या आम्हांस म्हणाल्या, "काप. तो कापतलोच हुतो."

कापण्यापूर्वी दारांच्या चौकटींत लोखंडी पट्ट्या तिरक्या जोडून सांगाडा जखडून घेतला. तसे न केल्यास पेटी काढताच गाडी मधोमध वाकते. ट्रॉलरांचे लोखंडी काम करणाऱ्या एका तरुणाने वेल्डिंग केले. माप उजव्या पेटीचे, आकृती मामांच्या वहीतली. सहा दिवस लागले. मूळचा पातळ पत्रा ट्रॉलरवाल्याच्या हातास नवीन. पहिल्या दिवशी त्याने दोन ठिकाणी भोके पाडली आणि ती स्वतःच भरून काढली. डाव्या बाजूचा जोड उजव्यासारखा साधलेला नाही. तो बोटास लागतो.

मामेभावास आम्ही सर्व हकीगत सविस्तर लिहिली. त्याचे उत्तर आठवडाभराने आले: विक्रीचे राहू द्या, आईच्या औषधांचे मी पाहीन. त्याखाली, गाडीतून आपणही लहानपणी कुणकेश्वरास गेलो होतो आणि वाटेत ओकलो होतो, अशी एक ओळ होती.

नोंद साधीच ठेविली. जुन्या खाजगी मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून सहाशेचे पाच हजार झाले होते. 2025 साली वीस वर्षांपलीकडच्या गाड्यांस ते आणखी दुप्पट झाले, पण आमचे काम त्याच्या आधी, 2024 मध्ये उरकले. वारसाहक्काने गाडी मामींच्या नावे झाली. 'बी. एम.' अक्षरांनी आरंभ होणारा, मुंबई राज्याच्या काळचा तिचा क्रमांक कायम राहिला. तपासणी करणारे अधिकारी तरुण होते. त्यांनी गिअरचा दांडा जमिनीवर शोधला, आणि तो स्टिअरिंगपाशी सापडल्यावर गाडीस दोनदा प्रदक्षिणा घातली.

डिसेंबरातल्या एका सोमवारी आम्ही निघालो. मामी पुढे बसल्या. उलट्या दारातून आत बसणे गुडघे दुखणाऱ्या माणसास फारच सोयीचे, ही त्या रचनेची खुबी आमच्या त्या दिवशी लक्षात आली. आचऱ्यापर्यंत गाडी झोकात गेली. मिठबावच्या अलीकडे चढावर पाणी तापले, तेव्हा बॉनेट उघडून अर्धा तास झाडाखाली थांबलो; मामींनी पिशवीतून पोहे काढले, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांनी आपापल्या वाहनांतून उतरून कोणाच्या ना कोणाच्या अशाच गाडीची आठवण सांगितली. देवळापाशी पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. मामी दर्शन घेऊन आल्या, समुद्राकडे तोंड करून गाडीतच बसून राहिल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या की, पुढल्या खेपेस सावंतवाडीस बहिणीकडे जावयाचे आहे.

डाव्या मागच्या दाराची काच अजून पूर्ण वर जात नाही. तेथे तो हट्टी स्क्रू आहे. तो पुन्हा काढावा लागेल.